टाकीतला भाटकार

आमच्या डिचोलीला समुद्र नाही. नदी आहे, तळं आहे, पावसाळ्यात अंगणातही पाणी असतं. पण समुद्र बघायचा तर म्हापशाला बस बदलून पेडण्याच्या बाजूला जावं लागतं. असं असताना आमच्या पुढच्या खोलीत, देवांच्या तसबिरींखाली, बराच काळ समुद्र होता. तो चार काचांच्या मध्ये होता, बहुतेक वेळा गढूळ होता, आणि त्याच्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं कुणा ना कुणाशी एकदा तरी भांडण झालेलं होतं. आज माझी मुलगी, तेव्हा मी होते त्या वयाची झाली आहे. ती मोबाईलवर परदेशातल्या घरांमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या बघते. निळं पाणी, रंगीत मासे, डोलणारी फुलं. मला म्हणते, तुमच्याकडे असंच होतं ना? मी हो म्हणते. सगळंच सांगत बसलं तर स्वयंपाक राहून जातो.

आमचं घर खाणीच्या रस्त्याला लागून होतं. पहाटेपासून मालाचे ट्रक धडधडत जायचे आणि घरातल्या सगळ्या वस्तूंवर तांबड्या धुळीचा थर बसायचा. जनेलाच्या गजांवर, कदेलींच्या पाठींवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर. पोदेर पावाच्या उंड्यांची टोपली सायकलवरून आणायचा ती प्लॅस्टिकने झाकून, तरी आई प्रत्येक उंडा पदराला पुसून मगच आत न्यायची. पपा त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आई हरमलची. लग्न होऊन आली तेव्हा म्हणे तिला पहिले कित्येक महिने झोप लागली नाही, कारण रात्री दर्याचा आवाज नव्हता. पुढे ट्रकांच्या आवाजाची सवय झाली. मग एक दिवस खाण थांबली. का थांबली, कुणी थांबवली, हे मोठ्या माणसांनी ओसरीवर बसून पुष्कळ सांगितलं, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती शांतता. रस्त्यावरून कोंबडी चालत गेली तरी ऐकू येई. आईची झोप पुन्हा गेली.

पपांचे हात रिकामे राहणारे नव्हते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातला मिक्सर उघडून पुसला, तो बिघडलेला नसताना. मग पंखा, मग शिलाईचं मशीन, मग शेजारच्या शांतामावशींची शेगडी. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल घातलं की दार ढकललं की ते आपण होऊन परत यायचं. आई एका दुपारी तांदूळ निवडत म्हणाली, "घरात दुरुस्त करूक आता मीच ऱ्हवलंय." पपा हसले नाहीत. ते त्या दिवसांत हसतच नसत. आई मात्र अशी काही ना काही टोचणी रोज लावत राहायची. आग विझू नये म्हणून चुलीत मधूनमधून काटकी सारतात तशी.

ही टाकी आली आईच्या माहेराहून. विठूमामा, म्हणजे आईचा भाऊ, हरमलला होडीवर जायचा आणि घरामागच्या चार खोल्या मोसमात परदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. त्यातल्या एका पाहुण्याने काचेची ही भलीमोठी टाकी बनवून घेतली होती आणि मोसम संपल्यावर तिथेच टाकून तो आपल्या देशाला निघून गेला. तो तिच्यात काय ठेवायचा हे मामाने कधी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना फार विचारू नये, हा त्याच्या धंद्याचा नियम. आम्ही शिगम्याला गेलो तेव्हा टाकीत कोंबडी अंडी उबवत बसली होती. पपा कोंबडीसमोर उकिडवे बसून बराच वेळ काचेचे सांधे बोटांनी चाचपत राहिले. दोन दिवसांनी मामाच्या पिकअपमधून, गोणपाटात गुंडाळलेली टाकी आमच्या दारात उतरली.

"ह्यात काय ठेवतलात? पापड?" आईने विचारलं.

मासे, असं पपा म्हणाले. डिचोलीत तेव्हा दोन-तीन घरांत मासे होते, सोनेरी, गोड्या पाण्यातले. डॉक्टरांच्या दवाखान्यातही होते. आईला वाटलं तसंच काहीतरी. पण पपांनी सांगितलं की गोडं पाणी कुणीही ठेवतो. ते खारं ठेवणार होते. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग, मला चांगलं आठवतं, आत जाऊन तिने देवांच्या तसबिरी एक हात वर सरकवल्या.

समुद्र घरी आणायचा म्हणजे आधी पाणी आणायचं. पपांच्या स्कूटरवर पुढे एक कॅन, मागे मी, माझ्या दोन्ही बाजूंना दोन कॅन. हरमलहून निघायचं, पार्श्यावरून काजूच्या बागांतला रस्ता धरायचा, आणि खड्डा आला की माझ्या पायांवर दर्या सांडायचा. घरी पोचेपर्यंत माझे पाय मिठाने पांढरे होत आणि निम्मंच पाणी उरलेलं असे. अशा खेपा किती झाल्या ते मी मोजलं नाही, पण त्या उन्हाळ्यात माझ्या सगळ्या सलवारी गुडघ्याखाली कडक झाल्या होत्या. टाकी भरली त्या संध्याकाळी पपांनी वाडीवरच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. पाणी सुंदर दिसत होतं. सकाळी ते ताकासारखं झालं होतं.

तिथून जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? पपा पाणी काढत, गाळत, परत ओतत. वाळू धुऊन घालत, वाळू काढून फेकत. बाटली कापून तिच्यात कोळसा आणि कापूस भरून त्यांनी गाळणी बनवली. आमच्या जुन्या कूलरचा पंप तिला जोडला, त्याचा बुडबुड आवाज दिवसरात्र चाले आणि वीज गेली की थांबे. पाणी उडून कमी झालं की पपा हरमलचं पाणी वर ओतत, आणि टाकी आणखी खारट होत जाई. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, एवढी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात यायला उन्हाळा अर्धा संपला. दरम्यान ते मीठ टाकीच्या कडांवरून बाहेर आलं, भिंतीवर चढलं, विजेच्या बटणांत शिरलं, आणि आई-पपांच्या लग्नाच्या फोटोच्या चौकटीवर त्याची पांढरी झालर लागली. आई म्हणायची, लग्नात हुंडा नव्हता दिला, तो आता दर्या देतोय. वैशाखात टाकीतलं पाणी कोमट झालं तेव्हा पपांनी फ्रीझमधला बर्फाचा कप्पा ताब्यात घेतला. पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, टाकीत सोडायच्या, वितळल्या की परत गोठवायच्या. आमचे आंब्याचे गोळे, आईचा खरवडलेला नारळ, सगळं त्या कप्प्यातून बेघर झालं.

आणि मासे मरत. ओहोटीला हरमलच्या खडकांतल्या डबक्यांतून आम्ही लहान लहान मासे पकडून आणत असू, पट्ट्यांचे, निळसर, काही नुसते काचेसारखे. ते दोन दिवस छान पोहत. तिसऱ्या दिवशी एखादा कडेला पडलेला असे. पपा त्याला चमच्याने काढून परसात माडाच्या मुळाशी पुरत. दुसरीकडे स्वयंपाकघरात बांगड्याचं हुमण शिजत असे, आणि पुरून आलेले पपा हात धुऊन तेच हुमण भाताबरोबर जेवत. एकदा मी हे बोलून दाखवलं. आई म्हणाली, "ओळखीचो आणि बिनओळखीचो ह्यात फरक आसता."

म्हापशाला माशांच्या टाक्या विकणारं एक दुकान होतं. पपा मला घेऊन तिथे गेले. दुकानदार तरुण होता, सोनेरी माशांना खाणं घालत होता. पपांनी पाण्याचा, मिठाचा, पंपाचा सगळा पाढा वाचला. तो ऐकत गेला आणि शेवटी हातातला डबा बाजूला ठेवून, चेष्टेनेच, म्हणाला, "काका, तुमकां दुसरें काम ना?"

"ना," पपा म्हणाले.

ते हे ‘नाही’ इतक्या साधेपणाने म्हणाले की दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि खाऱ्या पाण्याचं त्याला जे काही ऐकून माहीत होतं ते सांगितलं. नव्या टाकीत मासे टाकायची घाई करू नका, तिला महिनाभर नुसतीच चालू द्या. पाणी उडालं की वरून गोडंच घाला. एका वेळी एकच मासा ठेवा, तोही दणकट. परतीच्या बसमध्ये पपा खिडकीबाहेर बघत होते. बापाने एका अनोळखी पोराला खरं उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि घरी तेच उत्तर आम्ही सगळे टाळत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

एकच मासा आणि तोही दणकट, हा सल्ला पपांनी मनावर घेतला. मामाच्या जाळ्यात कधीकधी केंड सापडे. केंड विषारी, कुणी खात नाही. ओढून काढलं की ते फुगून चेंडूसारखं होतं आणि होडीवाले त्याला वाळूत भिरकावून देतात. असं भिरकावलेलं एक लहानसं केंड पपांनी उचलून कॅनमध्ये टाकलं. घरी आणून सोडलं तेव्हा ते रागाने फुगलेलं होतं, पोट वर करून तरंगत होतं. आईने बघून सांगितलं, आजच पुरून टाका, उद्यासाठी कशाला ठेवता. पण ते संध्याकाळपर्यंत हळूहळू ओसरलं, सरळ झालं, आणि टाकीच्या मधोमध थांबून आमच्याकडे बघू लागलं.

केंडाची नजर ही वेगळीच गोष्ट आहे. बाकीचे मासे तुमच्याकडे बघत नाहीत, ते नुसते डोळे उघडे ठेवतात. केंड दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून तुम्हाला न्याहाळतं. आमचं केंड अंगाने गोल, पाठीवर ठिपके, पोट पांढरंशुभ्र, आणि तोंडात पुढचे दात. स्वतः काही करायचं नाही, दिवसभर पोट पुढे काढून आपल्या चार काचांतून फेरी मारायची, आणि कुणी जवळ आलं की आपलं देणं वसूल करायला आल्यासारखं काचेला तोंड लावायचं. पूर्वी आईच्या माहेरच्या जमिनीचे मालक, म्हणजे भाटकार, असेच घराघरांत फेरी मारायला यायचे. आईने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, भाटकार. आणि भाटकार जगला. देखणे मासे गेले, हा टिकला. टाकीत एक शंखातला खेकडा होता, तो त्याने खाल्ला. पपांनी हौसेने आणलेल्या पट्ट्यांच्या माशाची शेपटी त्याने कुरतडली. एकट्याचं राज्य झाल्यावर तो शांत झाला.

त्याला कवचातलं खाणं लागे, नाहीतर दात वाढतात, असं म्हापशाचा दुकानदार म्हणाला होता. म्हणून आमच्याकडे तिसऱ्या आल्या की त्यातल्या थोड्या त्याच्या. त्या तिसऱ्या घालायचं काम पपांचं होतं, पण आईने ते कधी आपल्याकडे घेतलं ते कुणाला कळलं नाही. ती टाकीजवळ गेली की तो वर येई आणि तोंडाने पाण्याची चूळ उडवी, ती तिच्या कपाळावर पडे. ती त्याला शिव्या देई. मी गेले तर तो उडवत नसे, याचं मला वाईट वाटायचं हे आता कबूल करायला हरकत नाही.

पावसाच्या तोंडावर पपांना फोन आला. कर्नाटकात, एका खाणीच्या वर्कशॉपात जागा होती; त्यांच्याबरोबर इथे काम केलेल्या आणि आता तिथे असलेल्या सावंतवाडीच्या एका ड्रायव्हरने सुचवलं होतं. दोन दिवस पपा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. ते टाकीची गाळणी उघडून साफ करत राहिले. आईने त्यांची पिशवी भरली, लोणचं, सुकी सुंगटं, जाड चादर. निघताना ते टाकीसमोर थांबले आणि पाण्याचं, पंपाचं मला परत समजावून सांगू लागले.

"तुमी जावा," आई म्हणाली. "भाटकाराक मी बघतंय."

आता घरात आम्ही दोघी आणि तो. दर रविवारी सकाळी पपांचा फोन येई. घरात एकच मोबाईल होता, तो आई कानाला लावून टाकीजवळच्या कदेलीवर बसे, कारण तिथेच आवाज नीट पोचे. पपा सांगत, काम चांगलं आहे, वर्कशॉप मोठं आहे, त्यांना फोरमन केलंय. मग विचारत, तो काय करतो? आई सांगे, काय करणार, पोट वाढवतो.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद, आणि फक्त आमच्याच नाही, सगळ्या वाडीवर बंद. पण भाटकाराला श्रावण कोण शिकवणार? आईने आधी त्याला भिजवलेली चवळी घालून पाहिली, ती त्याने तोंडात घेऊन तिच्या दिशेने थुंकली. मग ती बाजारात गेली, खुब्यांचा एक वाटा घेतला, कवचातलेच ते, पिशवीच्या तळाशी घातला आणि वर तांबड्या भाजीच्या दोन जुड्या ठेवल्या. पण खुबे पिशवीतून गळतात. शांतामावशी वाटेत भेटल्या, बोलत उभ्या राहिल्या, आणि आईच्या पायाशी खाऱ्या पाण्याचे थेंब पडत राहिले. आई म्हणाली, भाजी धुतलेली आहे. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की घरधनी परगावी आणि हिच्याकडे श्रावणात खुबे शिजतात. आईने दुसऱ्या दिवशी शांतामावशींना हाताला धरून आणलं आणि टाकीसमोर कदेलीवर बसवलं. भाटकाराने त्यांच्यासमोर एक एक खुबा दातांनी कडकडा फोडून खाल्ला. शांतामावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हा सोमवारीही खातो का?

त्याच महिन्यात मोठं वारं सुटलं. दुपारी वाडीच्या तोंडावरचा फणस विजेच्या तारांवर पडला आणि वीज गेली. पंपाचा बुडबुड थांबला. पहिला दिवस आम्ही दोघींनी आळीपाळीने तांब्याने पाणी वर काढून उंचावरून ओतलं, म्हणजे पाण्यात हवा जाते. हात भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतामावशी आल्या, पदर खोचला आणि न विचारता तांब्या घेतला. मग त्यांची सून आली. मग पोदेराने सायकल लावली आणि उंडे देता देता थोडा वेळ त्यानेही ओतलं. वीज आली नाही. पाण्याला वास येऊ लागला, भाटकार तळाशी बसला, त्याच्या पोटाचा पांढरा रंग मळकट झाला. आई त्याच्यासमोर खुबा धरून बसली; तो बघत होता, पण उठत नव्हता.

तिने मला सांगितलं, कपडे बदल, आपण हरमलला जातोय. झाकणाची प्लॅस्टिकची बाल्द घेतली, पपांनी साठवलेल्या शेवटच्या कॅनमधलं पाणी तिच्यात ओतलं, भाटकाराला दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलून आत सोडलं. तो फुगलासुद्धा नाही. म्हापशाच्या बसमध्ये आई बाल्द मांडीवर घेऊन बसली आणि सगळी वाट तांब्या आत बुडवून वर ओतत राहिली. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे. आई म्हणाली, आजारी माणूस. त्याने वाकून बघितलं, आणि मग ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की पुढे खड्डे जरा बघून घे. बाजूच्या बाईने मासा कुठला, कसा करायचा, अशी चौकशी सुरू केली. आईने तिला सांगितलं की ह्याला करत नाहीत, ह्याचं करायचं असतं. हे ती सहज बोलली, पण बाई थोड्या वेळाने हात पुढे करून म्हणाली, तुम्ही दमलात, द्या तो तांब्या माझ्याकडे.

हरमलला पावसाळ्यातला समुद्र तांबूस, खवळलेला. विठूमामाने आधी हसून घेतलं. केंड परत समुद्रात टाकायला डिचोलीहून बस करून आलेली बाई त्याने पाहिली नव्हती. पण बहिणीचं तोंड बघून त्याने हसू आवरलं आणि आम्हाला खडकांच्या आडोशाला नेलं, जिथे लाटा फुटून पाणी निवांत आत येतं. आई साडीसकट कमरेपर्यंत पाण्यात गेली. बाल्द तिरकी केली. भाटकार बाहेर आला आणि तिथेच राहिला. तिच्या पायांभोवती फिरत राहिला. जरा दूर जाई, परत येई. खाऱ्या ताज्या पाण्यात त्याच्यात जीव येत होता हे वरूनही दिसत होतं, पण तो जाईना. वर येऊन तोंड उघडत होता.

"जा आता," आई त्याला म्हणाली. "आमका जमला तितक्या आमी केला."

तो कधी गेला ते मला दिसलं नाही. एक लाट आली, पाणी गढूळ झालं, निवळलं, आणि तिच्या पायांशी फक्त वाळू होती. आई आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने समुद्राच्या पाण्याने तोंड धुतलं. तोंड धुवायला कुणी समुद्राचं पाणी वापरत नाही, तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. परतीच्या बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. "पपांका सांगूचा नाय."

सांगितलं नाही. रविवार आला की ती रिकाम्या टाकीजवळच्या कदेलीवर बसे आणि भाटकाराचं सगळं सांगे. काल काय खाल्लं, कुणाच्या अंगावर चूळ उडवली, शांतामावशींशी कशी ओळख झाली. मला वाटायचं, ही किती सहज खोटं बोलते. आता वाटतं, त्या गप्पांमध्ये खोटं असं काही नव्हतं. ते सगळं घडलेलंच होतं, फक्त आधी. चतुर्थी जवळ आली, पपा येणार हे ठरलं, तेव्हा आईने मामाला निरोप धाडला. पावसात थांबलेल्या होड्या परत दर्यात जाऊ लागल्या होत्या. मामाने एक केंड आणून दिलं, त्याच अंगाचं, बरोबर ताजं पाणी. आम्ही टाकी घासली, पंप सुरू केला. नव्या पाहुण्याने पहिल्या दिवशी फुगून राग काढला आणि तिसऱ्या दिवशी खुबा घेतला.

पपा चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आले. बारीक झाले होते, काळे पडले होते. घरात गणपतीवरची माटोळी बांधायचं चाललं होतं, फळं, पानं, सुपाऱ्यांचे घोस सगळं पुढच्या खोलीत पसरलेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, आणि ओल्या पायांनी टाकीसमोर जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी आपापल्या कामात मग्न असल्यासारख्या वाकून बसलो.

"ह्यो तो नव्हे," पपा म्हणाले.

आई माटोळीची गाठ मारत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं, "भाटकार बदालतत. कूळ थंयच ऱ्हवता."

आणि पपा हसले. खाण थांबल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कूळ म्हणजे जमीन कसणारं, आयुष्यभर मालकांची पोटं भरणारं, आणि ते कूळ आता कंबरेला पदर खोचून समोर बसलं होतं. हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं, कधी गेला? आईने वाऱ्याचं, विजेचं, बसचं, सगळं सांगितलं. ते मान हलवत होते.

"माका अदमास होतो," ते म्हणाले. "फोनात पंप वाजत नव्हतो."

मग पपा कदेलीवर बसले आणि त्यांनीही सांगितलं. ते वर्कशॉप ते पोचल्यावर काही आठवड्यांतच बंद पडलं होतं. फोरमन वगैरे काही नव्हतं. तेव्हापासून ते त्या ड्रायव्हरच्या खोलीवर राहून गावातले पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, मिळेल ते दुरुस्त करत होते. घरी यायला तोंड नव्हतं. हे सांगताना ते आईकडे नाही, टाकीकडे बघत होते.

"माहीत होता," आई म्हणाली. "वर्कशॉपात कोंबे आरवतत काय? दर रविवारी तुमच्या मागे कोंबो. एक दिवस बकरी पण."

मग तू विचारलं का नाहीस, असं पपांनी विचारलं. तिने गाठ दातांनी ओढून घट्ट केली, सुपाऱ्यांचा घोस उचलून त्यांच्या हातात दिला आणि तो वर बांधायला सांगितलं. तुम्ही तरी भाटकाराला फोनवर दे म्हणालात का, एवढंच ती बोलली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर खाण काही सुरू झाली नाही, निदान पपांच्या उपयोगी पडेल अशी नाही. त्यांनी विठूमामाच्या होडीचं इंजिन उघडलं, मग शेजारच्या होडीचं, मग मोरजीपर्यंतच्या होड्यांची आणि किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांच्या पंपांची कामं त्यांच्याकडे येऊ लागली. पण ते सगळं नंतरचं. चतुर्थीच्या त्या दिवसांत पपा कधी परत जाणार हे घरात कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांची पिशवी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून तशीच होती, बंद. गणपती पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ती उघडली. मळके-स्वच्छ न बघता सगळे कपडे बाहेर काढले, चादरसुद्धा, आणि विहिरीवर नेऊन धुतले. ऊन चांगलं पडलं होतं. कपडे दोरीवर घालून ती आत आली, रिकामी पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली, आणि स्टुलावर चढून माळ्यावर अगदी मागे, जुन्या समयांच्याही मागे ठेवून दिली. पपा दारातून बघत होते. त्यांनी पुढे होऊन फक्त स्टूल धरलं.